व्याख्यानमालेत चाळीस मिनिटं बोलायचं आहे? तयारी अशी करा

मार्च संपत आला की फोन येतो. "मॅडम, यंदा आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एक पुष्प तुम्ही गुंफा. विषय तुमचाच, तुम्ही ठरवा." आपल्याकडे उन्हाळा हा व्याख्यानांचा हंगाम. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला अजून चालू आहे, आणि तसल्या माळा आता तालुक्याच्या गावातल्या वाचनालयांतही गुंफल्या जातात. बोलावणं आलं की छाती फुगते, आणि फोन ठेवल्यावर पोटात गोळा येतो.

मी शाळेत भूगोल शिकवत असे. वर्गात रोज बोलणारीला व्याख्यान काय अवघड, या भ्रमात पहिलं व्याख्यान दिलं. चौदा पानं सुंदर अक्षरात लिहून काढली, साठ स्लाइडी केल्या, आणि तोंडाने एकदाही बोलून पाहिलं नाही. पंचविसाव्या मिनिटाला मी पाचव्या पानावर होते आणि तिसऱ्या रांगेतले एक आजोबा शांत झोपले होते. तेव्हापासून तयारीचा क्रमच उलटा केला: आधी बोलायचं, मग लिहायचं, स्लाइडी सगळ्यात शेवटी. खाली तोच क्रम देते आहे. उदाहरण माझ्या नेहमीच्या विषयाचं, शून्य सावलीच्या दिवसाचं, म्हणजे सूर्य बरोबर माथ्यावर येऊन सावली नाहीशी होते त्या दिवसाचं.

फोनवरच विचारून घ्या

"हो" म्हणायच्या आधी पाच मिनिटं चौकशी करा. श्रोते कोण असतात? साधारण किती? सभागृह आहे की पटांगणात मांडव? माइक हातातला की पोडियमला बसवलेला? पडदा आणि प्रोजेक्टर आहे का, आणि असला तर मागच्या वर्षी चालला होता का? हा शेवटचा प्रश्न हसत विचारायचा, पण विचारायचाच.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वेळेचा. निमंत्रणपत्रिकेवर "सायं. ६ वा." छापलेलं असतं. प्रत्यक्षात सहा वाजता सतरंज्या घालणं चालू असतं. सव्वासहाला दीपप्रज्वलन, मग प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मागच्या वर्षीच्या देणगीदारांचे सत्कार. तुमच्या हातात माइक येतो पावणेसातला, आणि साडेसातला बायका स्वयंपाकासाठी उठू लागतात. त्यात अध्यक्षीय समारोप आणि आभारप्रदर्शन उरलेलंच असतं. म्हणून "मला बोलायला नक्की किती मिनिटं?" असं विचारा, आणि जे उत्तर येईल त्यातली दहा मिनिटं मनातल्या मनात वजा करा.

मानधन आणि प्रवासखर्चाचंही याच फोनवर बोलून घ्यावं. आपल्याला संकोच वाटतो, संयोजकांनाही वाटतो. मग कार्यक्रमानंतर पाकीट देताना दोघंही अवघडतात.

विषय एका वाक्यात बसवा

"खगोलशास्त्राची ओळख" हा विषय नव्हे, तो अभ्यासक्रम झाला. "शून्य सावली" म्हटलं तरी तो मथळाच. चाळीस मिनिटांनी घरी गेलेला माणूस जेवताना बायकोला जे एक वाक्य सांगेल, ते आधी शोधायचं. माझं वाक्य असं ठरलं: "आपल्या गावात वर्षातून दोनदा भर दुपारी आपली सावली पायाखाली जाते, आणि ती कधी जाणार हे घरबसल्या काढता येतं."

वाक्य बरोबर जमलं का हे बघायची माझी पद्धत साधी. शेजारच्या काकू ओट्यावर भाजी निवडत बसल्या की त्यांना ते सांगायचं. त्यांनी "हो का? कधी?" असं विचारलं तर वाक्य चाललं. "छान आहे हो विषय" म्हणाल्या, तर घरी जाऊन पुन्हा डोकं लावायचं.

या वाक्याचा पुढे कात्रीसारखा उपयोग होतो. ग्रहणं, सौरडाग, जंतरमंतरची यंत्रं, सगळं मला आवडतं. पण सावली पायाखाली का जाते आणि कधी जाते, यापैकी कशालाही ज्याचा हात लागत नाही ते बाजूला. अशा बाजूला काढलेल्या गोष्टींची मी वेगळी वही ठेवते. प्रश्नोत्तरांत त्यातलं निम्मं कामाला येतं.

माहिती जमवा, आणि तुम्हाला पाठ असलेली तपासा

नवी माहिती आपण तपासूनच घेतो. चुका होतात त्या वर्षानुवर्षं बोलत आलेल्या गोष्टींत. "दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो" हे वाक्य मी वर्गात शेकडो वेळा म्हटलं असेन. त्यात दोन चुका आहेत.

एक, सूर्य रोज डोक्यावर येतच नाही. कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या मधल्या गावांना तो वर्षातून फक्त दोनदा बरोबर माथ्यावर येतो. कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेकडून जातं, त्यामुळे आपल्या राज्यातल्या प्रत्येक गावाला हे दोन दिवस मिळतात: एकदा सूर्य उत्तरेकडे सरकताना मे महिन्यात, दुसऱ्यांदा तो परत फिरताना जुलै-ऑगस्टच्या सुमारास, म्हणजे ऐन पावसात. तो दुसरा दिवस बहुतेक ढगांत जातो. म्हणून सगळी मजा मे महिन्यातली. कोल्हापुरात ६-७ मे, पुण्यात १३-१४ मे, मुंबईत १५-१६ मे, नागपुरात २६ मेच्या आसपास.

दोन, वेळ. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे. पुणे त्याच्या साडेआठ अंशांहून थोडं जास्त पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे पुण्यात मध्यान्ह साधारण साडेचौतीस मिनिटं उशिरा व्हायला हवी. पण पृथ्वीची सूर्याभोवतीची चाल वर्षभर सारखी नसते आणि तिचा आसही कललेला आहे. त्यामुळे मेच्या मध्याला जवळजवळ चार मिनिटं परत मिळतात. म्हणून पुण्यात सावली पायाखाली जाते ती १२ वाजून ३१ मिनिटांच्या सुमारास. नागपूर बरंच पूर्वेला, तिथे १२ वाजून १० मिनिटांच्या आसपासच.

हा परिच्छेद वाचताना तुम्हाला दमायला झालं असेल. मग ऐकणाऱ्याचं काय होईल? व्याख्यानात मी हे सगळं दोन वाक्यांत सांगते: "घड्याळ सगळ्या देशाचं एक, पण सूर्य प्रत्येक गावाचा वेगळा. आपल्या गावाची खरी दुपार साडेबाराला होते." हिशेब मात्र वहीत तयार ठेवते, कारण कोणीतरी निवृत्त अभियंता तो विचारतोच. जे माहीत आहे त्याच्या चौथ्या हिश्शाइतकंच बोलावं, असा माझा अंदाज. उरलेलं वाया जात नाही. ते आपल्या आवाजात उतरतं.

मांडणीसाठी कीर्तनकाराकडे बघा

नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात बुवा अभंग घेऊन त्याचं निरूपण करतात, उत्तररंगात तोच विचार एखाद्या आख्यानातून जिवंत करतात. मध्यंतरात नामघोष, बुक्का, जरा हालचाल. रात्री शेतावरून दमून आलेल्या लोकांना दोन-दोन तास जागं ठेवणारी ही बांधणी आहे. तिच्यात काही तथ्य असणारच.

मी फक्त क्रम फिरवते. आधी आख्यान, मग निरूपण. सुरुवातीला कोणतीही ओळख न करता टेबलावर स्टीलचा पेला ठेवायचा आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने धरायचा. लांब सावली पडते. टॉर्च हळूहळू वर न्यायचा, सावली आखूड होत होत पेल्याखाली नाहीशी होते. "हे आपल्या गावात शुक्रवारी होणार आहे." एवढ्यावर दीड मिनिट जातं आणि लोक सावरून बसतात.

मग तीन प्रश्न, याच क्रमाने: असं का होतं, सगळीकडे एकाच दिवशी का होत नाही, आणि आपल्या गावाचा दिवस कसा काढायचा. प्रत्येकाला साधारण दहा मिनिटं. मधे एकदा सगळ्यांना उभं करायचं. हात सरळ वर करा, तो शून्य सावलीच्या दिवसाचा मध्यान्हीचा सूर्य. आता बराच दक्षिणेकडे झुकवा, हा डिसेंबरचा. सभागृहात दक्षिण कुठली यावरून दोन मिनिटं गोंधळ होतो, तो होऊ द्यावा. शेवटची पाच मिनिटं घरी करायच्या प्रयोगाला.

"सर्वप्रथम मी आयोजकांचे आभार मानते की त्यांनी मला ही संधी दिली" या वाक्याने सुरुवात करू नका, असं मी म्हणणार होते. पण लहान गावात आभार न मानणं उद्धटपणाचं दिसतं. मधला मार्ग असा की पेल्याचा प्रयोग आधी करायचा, आणि लोकांचं लक्ष आलं की मग व्यासपीठावरच्या मंडळींची नावं नीट, पूर्ण आदराने घ्यायची. नावं कार्डावर लिहून घ्या. अध्यक्षांचं आडनाव चुकलं तर पुढचं सगळं खगोलशास्त्र वाया.

लिहिण्याआधी बोला

आता मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करा आणि घरात फेऱ्या मारत पूर्ण व्याख्यान बोलून टाका. अडखळा, मागे जा, चालेल. मग ऐका. स्वतःचा आवाज ऐकणं ही शिक्षा असते, पण कुठे पकड सुटते ते तिथेच कळतं. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये "म्हणजे काय आहे की" हे अकरा वेळा आलं होतं.

यानंतर कागद घ्या, आणि बोललेलं लिहा. कानासाठी लिहिलेली मराठी वेगळी असते. पुस्तकात असं चालतं: "पृथ्वीचा अक्ष तिच्या कक्षेच्या प्रतलाला लंब नसून सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे सूर्याची क्रांती वर्षभरात बदलत राहते." हे ऐकताना "नसून" येईपर्यंत माणूस "लंब" विसरतो. बोलताना: "पृथ्वी सरळ उभी नाही. भोवरा कलंडायला लागतो ना, तशी ती जरा कललेली आहे. किती? साडेतेवीस अंश. म्हणून सूर्य कधी उत्तरेकडे दिसतो, कधी दक्षिणेकडे."

"क्रांती" हा इथे शास्त्रातला नेमका शब्द आहे: सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे, ते. मी तो एकदा वापरला, तेव्हा पहिल्या रांगेतून प्रश्न आला, "बाई, सूर्याने कसली क्रांती केली?" सभागृह हसलं, मीही हसले, आणि शब्द काढून टाकला. पारिभाषिक शब्द चाळीस मिनिटांत दोन, फार तर तीन. आकडेही तसेच: पुण्याचे अक्षांश सांगताना अठरा पूर्णांक बावन्न शतांश म्हणू नका, "साडेअठरा" म्हणा.

पूर्ण लिहिलेलं भाषण हातात घेऊन उभं राहू नये, कारण डोळे कागदावर गेले की वाचनच सुरू होतं. पोस्टकार्डाएवढी जाड पाच कार्डं करा. एका कार्डावर पाच-सहा शब्द, मोठ्या अक्षरात, आणि कोपऱ्यात त्या टप्प्याला घड्याळात किती मिनिटं झालेली असावीत तो आकडा. जाड कार्डाचा आणखी एक फायदा आहे: हात थरथरला तरी ते फडफडत नाही. ए-फोर कागद शेवटच्या रांगेपर्यंत चहाडी करतो.

पाठ करायची ती फक्त दोन ठिकाणं, पहिली तीन वाक्यं आणि शेवटची दोन. पहिल्या मिनिटात घशाला कोरड पडते, डोकं चालत नाही. तेव्हा पाठ केलेलं तोंडातून आपोआप येतं. एका मिनिटानंतर भीती बरीच उतरते. माझी तरी उतरते.

स्लाइडी, लागल्याच तर

आधी ठरवा की लागतात का. चित्राशिवाय जे समजणारच नाही, त्यालाच स्लाइड. माझ्या साठ होत्या, आता सात आहेत. शब्दांच्या स्लाइडी तर नकोतच. लोक वाचू लागले की ऐकणं थांबतं.

मराठी स्लाइडींचं खास दुखणं म्हणजे फॉन्ट. घरच्या कॉम्प्युटरवर जुन्या पद्धतीच्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेलं वाचनालयाच्या लॅपटॉपवर उघडलं, की अक्षरांच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. माझं पहिल्या व्याख्यानात नेमकं हेच झालं. म्हणून युनिकोडमध्येच टाइप करा, आणि मूळ फाइलसोबत पीडीएफही जवळ ठेवा; पीडीएफमध्ये अक्षरं सहसा जागची हलत नाहीत. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, तेव्हा दोन ओळींत अंतर जरा जास्त सोडा. अक्षर तीस पॉइंटच्या खाली नको. फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि स्वतःला ईमेलनेही पाठवून ठेवा. प्रोजेक्टर जुना असेल तर त्याला व्हीजीएची केबल लागते आणि नव्या लॅपटॉपला ती भोकंच नसतात; जोडणारा अडॅप्टर स्वतःचा न्यावा. पॉवरपॉइंट चालू असताना कीबोर्डवरचं बी दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की चित्र परत. लोकांनी तुमच्याकडे बघावं असं वाटेल तेव्हा ही कळ दाबा.

आणि दिवे पूर्ण घालवू नका. मे महिन्यातली संध्याकाळ, पंख्याची घरघर आणि अंधार. पहिल्या रांगेतल्या माना लगेच डोलू लागतात.

वस्तू दाखवायची असेल तर

प्रयोग घरी जमतो आणि व्यासपीठावर फसतो. पृथ्वी म्हणून मी आधी मोसंबं घेतलं होतं, महाराष्ट्राच्या जागी टाचणी. टेबलाशी उभं राहून सुरेख दिसायचं. आमच्या वाचनालयाच्या शिपायाने शेवटच्या खुर्चीवर बसून सांगितलं, "मॅडम, तुम्ही फळ का दाखवताय तेच कळत नाही." आता फुटबॉल असतो आणि त्याला मातीच्या गोळ्याने चिकटवलेला पेन्सिलीचा तुकडा. कोणतीही वस्तू दाखवण्याआधी दुसऱ्या कोणाला तरी शेवटच्या रांगेत बसवा आणि काय दिसतं ते विचारा.

तालीम

पूर्ण व्याख्यान उभं राहून, वेळ लावून, किमान तीनदा. एकदा एकटं, एकदा घरच्या एका माणसासमोर, आणि एकदा जमल्यास त्याच सभागृहात. घरच्या माणसाला "कसं झालं?" विचारू नका, "छान" असंच उत्तर येतं. "आता तू मला सांग, सावली का नाहीशी होते?" असं विचारा. तो जिथे अडखळेल, तिथे तुमचं सांगणं कच्चं.

तालमीत चाळीस मिनिटं भरली तर व्यासपीठावर पंचेचाळीस होतात, कारण लोक हसतात, उशिरा आलेले खुर्च्या ओढतात, मधेच वीज जाते. म्हणून घरी पस्तीसवर आणा. शिवाय पंचवीस आणि पंधरा मिनिटांची रूपंही ठरवून ठेवा. माझ्या कार्डांपैकी दोनांच्या कोपऱ्यात लाल टिंब आहे. वेळ कापली गेली की ती कार्डं सरळ खिशात. सगळंच भरभर बोलून वेळ गाठायचा मोह होतो. त्याने श्रोत्यांच्या हाती काहीच लागत नाही.

त्या दिवशी

अर्धा तास आधी पोचा. माइकवाल्याशी ओळख करून घ्या. त्या संध्याकाळचा खरा यजमान तो. हातातला माइक तोंडापासून चार बोटांवर, हनुवटीच्या जरा खाली धरा. फुंकू नका, टिचक्या मारू नका, दोन वाक्यं नेहमीच्या आवाजात बोला. माइक घेऊन कर्ण्यासमोर गेलात की शिट्टी वाजते, तेव्हा कुठवर चालत जाता येईल हे आधीच बघून ठेवा. कॉलर माइक असेल तर त्याला मंगळसूत्र किंवा कडक खादी घासत नाही ना, ते पाहा. बिनतारी माइकमध्ये नवे सेल घातले आहेत का, तेही विचारा.

सूत्रसंचालकाला तुमचा परिचय पाच ओळींत, मोठ्या अक्षरात लिहून द्या. दिला नाहीत, तर तो तुमच्याकडून कधीतरी आलेला संपूर्ण बायोडाटा वाचतो, आणि त्या आठ मिनिटांत श्रोते तुमच्याबद्दल मत बनवून टाकतात.

जेवण हलकं. बोलण्याआधी थंड पाणी, ताक, तळलेलं मी टाळते. कोमट पाण्याची बाटली जवळ. संयोजक आग्रहाने वडे समोर ठेवतील. "नंतर घेते" म्हणा, आणि नंतर खरंच घ्या.

प्रश्नोत्तरं

माइक फिरवत प्रश्न घेतले की एकजण उभा राहून स्वतःचंच व्याख्यान सुरू करतो. चिठ्ठ्या मागवल्या तर हे टळतं, आणि एरवी न बोलणाऱ्या मुली-बायकाही विचारतात. प्रश्न मोठ्याने वाचून मगच उत्तर द्या. उत्तर माहीत नसेल तर तसं सांगा, आणि "पाहून वाचनालयाच्या फलकावर लावायला देते" म्हणा. मग द्या मात्र.

मागच्या वर्षी साताऱ्याजवळच्या एका गावात ८ मेला बोलले. तिथला दिवस १० मेचा. एका नववीतल्या मुलीची चिठ्ठी होती: "सावली १० तारखेलाच शून्य आणि ९ ला नाही, हे डोळ्याला कळेल का?" उत्तर माझ्या त्या वेगळ्या वहीत होतं. त्या दिवसांत मध्यान्हीचा सूर्य रोज पाव अंशाच्या आसपास सरकतो. मीटरभर उंच काठीची सावली एका दिवसात साधारण साडेचार मिलिमीटर बदलते. म्हणजे डोळ्याला दोन्ही दिवस जवळपास सारखेच. काठी मात्र ओळंब्याने, म्हणजे दोऱ्याला टांगलेल्या वजनाने, तपासून बरोबर सरळ उभी हवी, नाहीतर काठीचाच तिरकेपणा मोजाल. हे सांगितल्यावर सभागृहात गवंडीकाम करणारे दोघे होते, ते एकदम जागे झाले आणि पुढची दहा मिनिटं तेच बोलत होते.

१० तारखेला दुपारी सव्वाबाराला वाचनालयातून फोन आला. ग्रंथपाल घाईत होते. "मॅडम, पोरं अंगणात जमलीत, पण ओळंबा घेऊन येणारे अजून आले नाहीत. दोऱ्याला कुलूप बांधलं तर चालेल का?"